खोकल्याचं औषध आणि माझी डावी कूस

आमच्या घरी खोकल्याच्या औषधाची बाटली कधी रिकामी होत नसे. आमच्या पवनी गावात विणकराचं घर म्हटलं की खोकला असायचाच. दिवसभर मागावर सुताचा बारीक भुसा उडतो, नाकात जातो, घशात बसतो, आणि घरातला प्रत्येक माणूस बोलायच्या आधी एकदा खाकरून घेतो. माझ्या नवऱ्याचा खोकला तर गल्लीच्या टोकावरून ओळखू यायचा. त्याचा मला एक फायदा होता. घरधनी येतो आहे हे आधीच कळायचं आणि चहाचं आधण वेळेवर ठेवता यायचं.

बाटली रिकामी न होण्याचं कारण मात्र माझी सासू. सगळं घर तिला बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायची. सूत रंगवायचं काम घरात तिच्याकडे होतं, आणि तिचा एक नियम होता. हंडीतला रंग संपू द्यायचा नाही. तळाशी उरलेला जुना रंग नव्यात ओतायचा, म्हणजे मागच्या लुगड्याची छटा पुढच्या लुगड्यात तुटत नाही. "जुन्यानं नव्याले धरून ठेवलं पायजे," असं ती म्हणायची आणि गावातले जुने विणकरही तेच म्हणायचे. बाईने हा नियम विरजणाला लावला, लोणच्याला लावला, आणि कुणी लक्ष देत नव्हतं म्हणून खोकल्याच्या औषधालाही लावला. मेडिकलमधून नवी बाटली आली की ती कोनाड्यातल्या जुन्या बाटलीत ओतून मोकळी व्हायची. दुकानात जे असेल ते यायचं, कधी लाल, कधी तपकिरी, कधी हिरवट. तिच्या लेखी खोकल्याचं औषध म्हणजे खोकल्याचं औषध. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ ह्याच बाटलीतून निघाला.

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, लागलं होतं तेव्हा मला नागीण झाली. डाव्या बाजूला, छातीखालून निघून पाठीकडे गेलेला फोडांचा पट्टा. बाईने गेरूचा लेप लावला. शेजारणी येऊन पाहून गेल्या. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे एकीने मध्ये किती जागा उरली ते बोटांनी मोजूनही पाहिलं. मी मागावरचं कापड होते की काय कोण जाणे. फोड सुकले, खपल्या पडल्या, बाईने देवीपुढे नारळ फोडला. आणि खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं.

नसेचं दुखणं ज्याला झालं नाही त्याला सांगून फारसा उपयोग नाही, तरी सांगते. वरून कातडी चांगली दिसते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, ही नाटक करते. पण त्या जागेवरून पदर नुसता सरकला की मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. हाताने घट्ट दाबून धरलं तर सोसायचं, हलका स्पर्श मात्र सोसायचा नाही. मध्येच आतून एक कळ अशी निघायची की हातातलं भांडं सुटायचं. मी चोळीची डावी शिवण उसवून ठेवली होती. ज्या घरात कापडाच्या जिवावर भात शिजतो, त्या घरच्या सुनेला अंगावर कापड सोसेना. मला ह्याचं हसूही यायचं आणि संतापही यायचा. संताप जास्त.

पण कापडाचं काही नाही, ते उसवता येतं. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती. तिची जागा म्हणजे माझी डावी कड. बहुतेक बायकांचं तसंच असतं, उजवा हात कामाला मोकळा लागतो. नागीण सुकल्यावर एके सकाळी ती धावत आली आणि नेहमीसारखी बिलगली, आणि मी किंचाळले. तिला ढकललं नाही, पण त्या किंचाळण्याने ढकलण्याचंच काम केलं. ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर ती जवळ आली नाही. बाईच्या ताटात जेवायची, बाईच्या कुशीत झोपायची. उजव्या कडेवर घेऊन पाहिलं, तर तिचे हातपाय वळसा घालून नेमके तिथेच पोचायचे. मग मी कळवळायची आणि ती स्वतःहून उतरून जायची.

मी तेव्हाच मनाशी ठरवलं. दुखणं जन्मभर राहिलं तरी राहो, पण ही पोर माझ्या कडेवर परत आली पाहिजे. आणि लवकर आली पाहिजे, कारण कडेवर बसायचं वय कुणासाठी थांबत नाही.

इलाज सांगायला सगळे तयारच होते. अड्याळच्या बाजाराहून कुणीतरी मंत्रलेला दोरा आणून दिला, तो बाईने माझ्या दंडाला बांधला. समोरची काकू म्हणाली, "लाखोरीची डाळ खाऊ नको वो, तिच्यानं नसा जातेत." लाखोरी बंद केली. दुखणं होतं तसंच राहिलं, फक्त वरणाची चव गेली. बसस्टँडजवळ एक डॉक्टर होते, बाहेरगावचे, हळू बोलणारे. त्यांनी लाल इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, आणि खरं काय तेही सांगितलं. फोड गेले तरी आत नस दुखावलेली असते, म्हणाले. कुणाचं काही महिन्यांत जातं, कुणाचं वर्ष घेतं.

"अन् जाते तर खरंच ना?" मी विचारलं.

ते कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मला उत्तर मिळालं.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मला खोकला लागला. खोकलं की बरगड्या हलायच्या आणि जीव जायची वेळ यायची, म्हणून कोनाड्यातल्या बाटलीतलं औषध घेतलं आणि रहाटावर, सूत गुंडाळायच्या चाकावर, कांड्या भरायला बसले. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. नवरा विणणार आणि मी कांड्या भरून देणार, अशी आमची वाटणी. नागिणीपासून दोन-चार कांड्या भरल्या की मला उठावं लागायचं, कारण सूत धरायला डावा हात लांब केला की दंड त्या जागेला घासायचा. त्या दुपारी टोपली भरली तेव्हा ध्यानात आलं की मी मध्ये उठलेच नाही. पदर घसरून नेमका त्याच जागेवर पडला होता. आग होती, पण शेजारच्या घरात भांडण चालू असावं तशी, ऐकू येणारी आणि आपली नसलेली.

संध्याकाळी मी सांगितलं, "खोकल्याच्या औषधानं माही बाजू कमी दुखून राहिली."

"दोऱ्यानं होय ते," बाई म्हणाली.

नवरा हसायला लागला. "खोकल्याचं औषध नागिणीले कसं लागंल वो? उद्या म्हणशीन, डोळ्यात थेंब टाकले अन् गुडघा बरा झाला."

"हसा, हसा," मी म्हटलं. "बायकोले दुखते तवाच तुमाले मस्करी सुचते."

तो हसायचा थांबला, पण पटलं मात्र त्याला नाही.

मी औषध घेत राहिले. खोकला गेला तरी घेतच होते. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस ते लागू पडेना. चमचा तोच, बाटली तीच, वेळ तीच, आणि आग पुन्हा पहिल्यासारखी. पोरीला आज उचलायचंच असं मी त्याच दिवशी मनात आणलं होतं. मी भिंतीला न टेकता बसले आणि भरपूर रडून घेतलं. बाई म्हणाली, "म्हटलं होतं ना, दोऱ्याचाच गुण होता. तूनं तो भिजवला." मला दोऱ्याचं काही सांगू नका, असं मी म्हटलं, आणि जरा मोठ्यानेच म्हटलं. मग तोंड धुतलं, बाटली पिशवीत घातली आणि डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. लेबल अर्धं फाटलेलं होतं.

"हे औषध तर येणं बंद झालंय," ते म्हणाले.

"नाही जी, मागच्या आठवड्यात तर आणलं."

"मग ह्या बाटलीत कसं?"

"ओतलं."

"आणि त्याच्या आधीचं?"

"थेही यातच. माह्या लग्नाच्या आधीपासून ओतून राहिले घरचे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो ताई, हे औषध नाही, हे लोणचं आहे."

मला हसू आलं आणि हसल्यामुळे कळ आली. कळ ओसरेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण विणकराच्या बायकोला एवढं कोण सांगत बसतो. खोकल्याची औषधं सगळी एक नसतात, ते म्हणाले, नवी बाटली ओतली की आतलं मिश्रण बदलतं, म्हणून एकदा लागू पडतं आणि एकदा नाही. एखाद्यात अफूच्या जातीचं काही असतं. त्याने दुखणं दबेल, पण सवय लागेल, ते मी तुम्हांला देणार नाही. एखाद्यात सर्दीचं आणि झोपेचं असतं. एखाद्यात नुसता साखरेचा पाक. आणि एक जात अशी, की जी खोकल्याची उबळ डोक्यातच अडवते.

"खोकला त घशात येते," मी म्हटलं.

"येतो घशात, पण हुकूम मेंदूतून सुटतो. तुमची नसही तशीच आहे. तिथे आता काही झालेलं नाही, तरी ती बोंबलते आणि मेंदू ऐकतो. त्या औषधाने ते ऐकणं कमी होत असेल का? असेल. नसेलही. मी कुठे वाचलेलं नाही, आणि हे दुखणं आपलं आपणही कमी-जास्त होतं."

"मग पाहू ना," मी म्हटलं.

त्यांनी बाटलीचं झाकण काढून हातात घेतलं. मी उठायला तयार नव्हते हे त्यांना दिसलं असावं. शेवटी म्हणाले, पाहायचं तर माझ्या मापाने पाहायचं. एका वेळी एकच बाटली, दिवसातून एकदाच, ह्या झाकणाने मोजून. दुसरी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. डोकं गरगरलं, छाती धडधडली, तर बंद. आणि पोरीच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

अफूचं सोडून बाकी तीन जातींची नावं त्यांनी लिहून दिली, त्या तीन बाटल्या मेडिकलमधून घेऊन मी घरी आले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे जुनी बाटली मोरीत उपडी केली. सगळं सांडून मोरी लालसर झाली. बाई मागून आली.

"सांडलं?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "माह्या सासूच्या हातची चालत आली होती थे!"

"सासूच्या हातचा रंग येते बाई. सासूच्या हातचं औषध नाही येत."

ती पाठ फिरवून रंगाच्या हंडीकडे निघून गेली. जेवताना मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "लडी धुतानी रंग सुटला तर तुम्ही काय करता? सगळ्या एकाच पाण्यात धुता काय?" सूत रंगवल्यावर लडी धुतात, आणि पाण्यात रंग उतरला की कोणत्या लडीचा रंग कच्चा ते शोधावं लागतं. बाई त्यासाठी एकेक लड वेगळ्या पाण्यात घालायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती ताट उचलून मोरीकडे गेली. पण सकाळी पाहते तर तिन्ही नव्या बाटल्यांच्या गळ्यात सुताचे दोरे बांधलेले, एकीला लाल, एकीला पिवळा, एकीला निळा. आणि बाटल्या कोनाड्यातून उचलून उंच फळीवर गेलेल्या.

लाल दोऱ्याच्या बाटलीने काही केलं नाही, तोंड तेवढं गोड झालं. पिवळ्या दोऱ्याची घेतली की मी झोपायची आणि जागी झाले की दुखणं माझी वाट बघत बसलेलं असायचं. निळ्या दोऱ्याच्या बाटलीने मात्र आग मागे सरकली. मी धावतच डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "आता परत लाल घ्या." मला त्यांचा असा राग आला! हाती आलेलं सोडून दुखणं स्वतः बोलावून आणायचं, हा कुठला न्याय. पण मलाही खात्रीच हवी होती. लाल घेतली. दुखणं आलं, जुन्या ओळखीने आलं. दात आवळून काढले ते दिवस. मग परत निळी, आणि परत आग मागे सरकली. नवरा म्हणाला, मनाचे खेळ असतील. असतील. पण लाल बाटली घेताना माझं मन कुठे गावाला गेलं होतं?

हे वाचून कुणी औषधाची बाटली तोंडाला लावू नये. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरने मला सांगितलं की खोकल्याच्या औषधातला तसला एक घटक नसेच्या दुखण्यावर चालतो का, ह्याचा विचार डॉक्टर लोक करतात, पण ठाम कुणी सांगत नाही. मलाही ठाम सांगता येत नाही. माझं दुखणं त्याने गेलं नाही, सोसण्याजोगं झालं, आणि तेही दुपारच्या काही वेळापुरतं. शिवाय त्याने तोंड कोरडं पडायचं आणि डोकं हलकं व्हायचं. जास्त घेऊ का, असं मी एकदा विचारलं तेव्हा ते हळू बोलणारे डॉक्टर पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. दिवसातून एकदा म्हणजे एकदाच.

म्हणजे आता प्रश्न होता, कधी.

घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की मी औषध सकाळी घेईन. सकाळी माग सुरू व्हायचा. कांड्या नाहीत तर धोटा रिकामा, धोटा रिकामा तर माग उभा. बाईच्या बोटांत आता सूत नीट धरलं जात नव्हतं. सगळं बरोबरच होतं त्यांचं. मी झाडता झाडता सांगितलं, "मी सकाळी नाही घेणार. पोरगी दुपारी झोपून उठते, तवा घेणार."

नवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याने धोटा खाली ठेवला. "अन् कांड्या?"

"तुम्ही भरा."

विणकराने स्वतःच्या कांड्या स्वतः भरायच्या म्हणजे ह्याच्या घरात बाईमाणूस नाही, असं गल्ली समजते. रहाटावर बसलेला पुरुष दिसला की येणारे जाणारे दारात थांबून चौकशी करतात. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. त्याने पोरीकडे पाहिलं, ती बाईच्या लुगड्याचा सोगा धरून उभी होती. मग तो खोकला, नेहमीपेक्षा जरा लांब.

"दार लावून भरतो मंग," तो म्हणाला.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, लोक विचारतात नवऱ्याने तुला काय दिलं. मी हे सांगते. त्यांना कळत नाही.

त्या दुपारी मी झाकण मोजून औषध घेतलं, वेळ जाऊ दिला, आणि पोर झोपली होती तिथे जाऊन बसले. ती उठली, डोळे चोळले, मला इतक्या जवळ पाहून बाईला शोधू लागली. बाई मुद्दाम अंगणात निघून गेली होती. मी दोन्ही हात पुढे केले. ती विचार करत राहिली. मग आली. मी तिला उचललं आणि डाव्या कडेवर घेतलं.

ती बसली, पण कशी? पाठ ताठ, दोन्ही हात स्वतःच्या छातीशी आवळलेले, मान मागे, अंग माझ्यापासून बोटभर लांब. आईच्या कडेवर बसूनही आईला कुठे लागणार नाही, असं बसायला ती शिकली होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या सगळ्या महिन्यांत मला जेवढं दुखलं नव्हतं तेवढं तेव्हा दुखलं.

"टेक," मी म्हटलं.

"तुले लागंल."

"लागू दे. टेक."

तिने आधी डोकं टेकवलं, हळूच, मी ओरडते का ते पाहत. मग खांदा. मग सगळा भार. औषध होतं तरी आग उठली, बरगडीपासून पाठीपर्यंत उठली. मी दात आवळले, उभी राहिले आणि तिला घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लागले. "खाली सोड," असं ती स्वतः म्हणेपर्यंत मी तिला उतरवलं नाही.